फ्लूची लस आणि दवाखान्यातली माणसं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही दवाखान्यांत काम करणाऱ्या वाचकांकडून फ्लूच्या लशीबद्दल प्रश्न मागवले होते. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या मोठ्या हॉस्पिटलांपासून मानेवाडा, कामठी, हिंगण्याच्या नर्सिंग होमपर्यंत सगळीकडून पत्रं आली. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीचेच नव्हे तर छिंदवाडा-बालाघाटचे गंभीर पेशंटही नागपूरलाच येतात, त्यामुळे तापाचा हंगाम आला की इथल्या वॉर्डांवर ताण जास्त. "आमच्याकडे लोक लस घेतच नाहीत" ही तक्रार पत्रांत वारंवार आहे. पत्रं नीट वाचल्यावर आमचं मत वेगळं झालं. ठाम नकार देणारे थोडेच असतात. बाकीच्यांपर्यंत लस त्यांच्या ड्यूटीच्या वेळेला, त्यांच्या जागी पोचलेलीच नसते.

प्रश्न : आमच्याकडे कंत्राटी धरून १२० जण आहेत. गेल्या वर्षी मॅनेजमेंटने लस फुकट दिली. कॉन्फरन्स हॉलमध्ये सकाळी ११ ते १ कॅम्प ठेवला, नोटीस बोर्डावर सूचना लावली. ३५ जण आले. यंदा काय वेगळं करावं?
— मेट्रन, धंतोली

उत्तर : मॅडम, आधी कॅम्पची वेळच बघा. ११ ते १ म्हणजे राउंड नुकताच संपलेला, नव्या ऑर्डरी लिहून आलेल्या, डिस्चार्जची कागदपत्रं चाललेली, ऑपरेशन थिएटरमध्ये केस सुरू. त्या वेळी सिस्टरला वॉर्ड सोडता येत नाही, मावशी-मामांना (वॉर्डातल्या मदतनिसांना) कोणी सोडत नाही आणि नाइटवाले सकाळीच घरी गेलेले असतात. जे ३५ आले ते बहुधा ऑफिस, बिलिंग, फार्मसी आणि ओपीडीतले असतील. रजिस्टर काढून विभाग तपासा. ज्यांचा पेशंटशी सगळ्यात कमी संबंध त्यांनी लस घेतली आणि आयसीयू कोरडा राहिला, असं चित्र निघालं तर नवल नाही.

यंदा हॉल नको, ट्रॉली फिरवा. व्हॅक्सिन कॅरियरमध्ये (लस थंड ठेवून न्यायच्या डब्यात) त्या फेरीपुरते २० डोस, सुया टाकायचा पांढरा पंक्चरप्रूफ डबा, रजिस्टर, संमतीचे कागद आणि अ‍ॅलर्जीसाठीचा किट एवढं सामान पुरे. सोबत दोघं हवेत, एकाने टोचायचं, दुसऱ्याने विचारपूस करून लिहायचं. एकाच माणसावर दोन्ही टाकलं की बॅच नंबर लिहायचे राहतात. वेळ धरायची ती ड्यूटी बदलण्याची. तुमची नाइट रात्री ८ ला सुरू होत असेल तर साडेसातला वॉर्डात पोचा, म्हणजे जाणारे आणि येणारे दोघेही सापडतात. आयसीयू आणि कॅज्युअल्टीला रात्रीची औषधं देऊन झाल्यावर, १० नंतर जा. टोचून घेतल्यावर १५ मिनिटं ड्यूटी रूममध्येच बसायला सांगा. नाइट करून उपाशीपोटी, त्यात उन्हाळ्याचं कमी पाणी प्यालेलं माणूस सुई बघून चक्कर येऊन पडू शकतं. आधी पाणी आणि दोन बिस्किटं द्या.

एका वॉर्डातल्या सगळ्यांना एकाच दिवशी देऊ नका. अर्ध्यांना आज, उरलेल्यांना तीन-चार दिवसांनी. दुसऱ्या दिवशी दोघी-तिघींना कणकण आली आणि वॉर्ड रिकामा पडला, की पुढच्या वर्षी इन्चार्ज सिस्टरच विरोध करतील. मोहीम तीन आठवडे चालू द्या. त्यानंतर राहिलेल्यांसाठी आठवड्यातला एक ठरलेला दिवस ठेवा.

यादी पगारपत्रकावरून करू नका. त्यात सिक्युरिटी गार्ड, ठेकेदाराचे सफाई कामगार, कँटीनचा वाढपी, अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि बाहेरून येणारे कन्सल्टंट नसतात. वॉर्डनिहाय, प्रत्यक्ष कोण आत येतं-जातं ते लिहा. १२० चा तुमचा आकडा वाढेल. डोस मात्र एकदम तेवढे उचलू नका. आधी ७० टक्क्यांची ऑर्डर द्या, मोहीम चालू असताना उरलेले मागवा. हंगाम सरल्यावर उरलेला माल वितरक सहसा परत घेत नाही.

विचारणारं माणूस कोण, यावर बरंच अवलंबून असतं. एचआरच्या मेसेजकडे लोक बघत नाहीत, पण शेजारच्या बेडवर काम करणारी सिस्टर म्हणाली, "मी घेतली, तू पण घे ना," तर ऐकतात. प्रत्येक वॉर्डातून अशी एकेक जण निवडा आणि पुढे दिलेल्या शंकांची उत्तरं तासभर बसून तिच्याशी बोला. मोठ्या डॉक्टरांनी केबिनमध्ये नव्हे तर वॉर्डात, सगळ्यांसमोर बाही वर करावी. नर्सिंग स्टेशनवर वॉर्डाची टक्केवारी लावा, न घेतलेल्यांची नावं मात्र कधीही लावू नका. नको म्हणणाऱ्याकडून एक पानी कागद भरून घ्या. त्यावर चार-पाच कारणं छापलेली असावीत, त्याने खूण करायची. हा कागद धाक घालायला नाही. खुणा मोजल्या की पुढच्या फेरीत कशावर बोलायचं ते कळतं.

आणखी एक, आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. लशीनंतर ताप आला तर एक दिवसाची भरपगारी रजा मिळेल, हे मोहिमेआधी लेखी जाहीर करा. "मला सुईची भीती वाटते" म्हणणाऱ्या अनेकांना खरी भीती खाड्याची असते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी लस घेतली आणि तिसऱ्या दिवशी सर्दी-ताप झाला. दंड तर दोन आठवडे वर होत नव्हता. लशीनेच फ्लू होत असेल तर घ्यायची कशाला?
— स्टाफ नर्स, सदर

उत्तर : सिस्टर, तुमचे दोन त्रास वेगळे आहेत, त्यांची कारणंही वेगळी.

दंडात देतात ती लस निष्क्रिय असते. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, विषाणूचे तुकडे असतात, त्यामुळे तिने फ्लू होऊ शकत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत अंगदुखी, कणकण, बारीक ताप येऊ शकतो, तो आपल्या प्रतिकारशक्तीच्या कामाचा भाग आहे. नाक गळणं, घसा दुखणं, खोकला मात्र लशीमुळे येत नाही. तो दुसऱ्या कुठल्या तरी विषाणूचा संसर्ग, आणि सर्दी करणारे विषाणू पुष्कळ आहेत. किंवा तो खरोखरच फ्लू असेल, पण लस घेण्याआधी किंवा लगेच नंतर लागलेला. पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यापासून १ ते ४ दिवसांत लक्षणं दिसतात. साथ सुरू झाल्यावर घाईने लस घेतली की हा घोळ होतो, आणि वॉर्डभर "लशीने फ्लू झाला" अशी बातमी पसरते.

दंडाचं कारण बहुधा सुईची जागा. एक-दोन दिवस दुखणं ठीक आहे, दोन आठवडे हात वर न होणं ठीक नाही. सुई खांद्याच्या हाडाला फार लगटून, वर दिली गेली तर औषध सांध्याभोवतीच्या पिशवीत जातं आणि तिथे सूज धरते. खांद्यावरचं हाड चाचपून त्याच्या दोन ते तीन बोटं खाली, दंडाच्या जाड स्नायूच्या मध्यावर, काटकोनात सुई द्यायची. देणारा आणि घेणारा दोघंही बसलेले असावेत. उभ्याने देणाऱ्याचा हात आपोआप वर जातो. कॉलरमधून खांदा उघडा करू नका, बाही पूर्ण वर घ्या किंवा हात बाहेर काढा. मध्यम बांध्याच्या माणसाला १ इंचाची सुई पुरते, स्थूल व्यक्तीला दीड इंचाची लागते. डोस ०.५ मिलि. तुमचा खांदा अजून दुखत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि यंदा दुसऱ्या दंडात घ्या.

प्रश्न : आमचं २० खाटांचं नर्सिंग होम आहे. एमआर (औषध कंपनीचे प्रतिनिधी) म्हणतात ऑक्टोबरमध्ये नवा स्टॉक येतो तेव्हा घ्या. नागपुरात नक्की कधी द्यावी? आणि मे महिन्याच्या उन्हात ती सांभाळायची कशी?
— डॉक्टर, मानेवाडा

उत्तर : एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. मृग लागायच्या आत सगळ्यांची झालेली असावी. भारतात फ्लू वर्षातून दोनदा डोकं वर काढतो, जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर. आपल्याकडे पोळा, मारबत, गणपतीची गर्दी नेमकी दुसऱ्या काळात येते. ऑक्टोबरचा सल्ला युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्यासाठी योग्य आहे, तो जसाच्या तसा विदर्भात आणण्यात अर्थ नाही.

जागतिक आरोग्य संघटना लशीत कोणते विषाणू असावेत हे वर्षातून दोनदा सांगते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. उन्हाळ्यात आपल्याला हवी ती दक्षिण गोलार्धाची ताजी लस. गोलार्ध आणि वर्ष दोन्ही डब्यावर छापलेलं असतं. एप्रिलमध्ये गेल्या ऑक्टोबरचा उरलेला माल स्वस्तात देऊ केला तर मुदत संपायला वेळ आहे म्हणून भुलू नका. मार्चमध्येच वितरकाकडे मागणी नोंदवा. ज्याची उन्हाळ्यात हुकली त्याने मात्र पुढच्या उन्हाळ्याची वाट न बघता ऑक्टोबरमध्ये घ्यावी, जानेवारी-मार्चच्या लाटेत उपयोगी पडेल. चारऐवजी तीन विषाणूंची लस मिळाली तरी ती कमी दर्जाची समजू नका. 'बी यामागाता' हा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने आढळलेला नाही, म्हणून संघटनेने सप्टेंबर २०२३ पासून तो वगळायला सांगितलं आहे.

आता साठवण. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. बाहेर ४५ अंश असताना लोक गरमीलाच घाबरतात आणि लस बर्फाला चिकटवून ठेवतात. ती गोठली तर बादच होते. गोठून पुन्हा वितळलेली लस डोळ्यांना ओळखू येत नाही. लस हलवून ती गोठली होती का ते ओळखायची चाचणी अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असलेल्या लशींसाठी आहे. फ्लूच्या नेहमीच्या लशीत ते नसतात, त्यामुळे गोठल्याची शंका आली तरी ती टाकूनच द्यायची.

घरगुती फ्रिजच वापरत असाल तर मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, तिथे दर उघडझापीला तापमान चढतं. फ्रीजरखालच्या थंड पत्र्याला टेकवूनही नको. आत थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा, रविवारी पण. खालच्या ट्रेमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या तर वीज गेल्यावर आतला गारवा जास्त टिकतो. वीज गेली की दार उघडायचं नाही. त्याच फ्रिजमध्ये स्टाफचे डबे आणि दही ठेवायला सक्त मनाई करा, दिवसातून वीस वेळा दार उघडतं ते त्यासाठीच.

कॅरियरमध्ये भरण्याआधी आइसपॅक फ्रीजरमधून काढून ओट्यावर ठेवा. त्यांना बाहेरून घाम सुटला आणि हलवल्यावर आत पाणी खळखळलं की ते वापरायला तयार. दगडासारखे कडक पॅक तसेच भरले तर त्यांना टेकलेल्या सिरिंज गोठतात. लशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मध्ये ठेवा, एका वेळी एकच सिरिंज बाहेर काढा. दवाबाजारातून माल आणायचा तो सकाळी लवकर, कॅरियरमधूनच. दुचाकीच्या डिकीत कधीच नाही.

प्रश्न : माझी आई एका खासगी हॉस्पिटलमध्ये ठेकेदारामार्फत साफसफाई करते. डॉक्टर आणि सिस्टरना लस दिली, आईला कोणी विचारलंही नाही. तिला शुगर आहे. तिने मागितली तर चालेल का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : जरूर मागावी, आणि संकोच न करता. तुमची आई पेशंटच्या खाटेखाली पोछा मारते, थुंकी पडलेली जागा पुसते, बेसिन घासते. विषाणूशी तिचा संबंध ऑफिसमध्ये बसणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रुग्णालयात काम करणारे आणि मधुमेहासारखे जुने आजार असणारे, दोघांनाही लस सुचवलेली आहे. आई दोन्ही कारणांनी पात्र ठरते.

तिने आधी सुपरवायझरशी नव्हे तर हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरशी किंवा मेट्रनशी बोलावं. ठेकेदार सहसा "हॉस्पिटलला विचारा" म्हणतो आणि हॉस्पिटल "ठेकेदाराला विचारा" म्हणतं, त्यात पावसाळा येतो. बाहेर ही लस दीड-दोन हजारांच्या घरात जाते, तो भार तिच्यावर पडू नये. आम्ही व्यवस्थापनांना कळकळीने सांगतो, सफाईचा करार करताना त्यातच एक ओळ घाला की कामगारांची फ्लू आणि हिपॅटायटिस-बीची लस हॉस्पिटल देईल. लस घेतल्यावर शुगरच्या गोळ्या आईने नेहमीप्रमाणे चालू ठेवाव्यात.

प्रश्न : न घेणाऱ्यांचा पगार रोखावा का? सक्ती केल्याशिवाय आकडा वाढणार नाही असं वाटतं.
— प्रशासक, रामदासपेठ

उत्तर : सक्तीने आकडा वाढतो हे खरं. अमेरिकेत सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये नोकरीसाठी ही लस अनिवार्य केली आणि पहिल्याच वर्षी प्रमाण ९७.६ टक्क्यांवर गेलं. पण आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात, कोविडच्या संदर्भात, कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही असं म्हटलं आहे. पगार रोखण्याचा विचार सोडा. ज्या हॉस्पिटलने नाइट ड्यूटीत ट्रॉली फिरवलेली नाही, कंत्राटी माणसांना मोजलेलं नाही, तापाची रजा दिलेली नाही, त्याने सक्तीची भाषा करू नये असं आम्हाला प्रामाणिकपणे वाटतं. लस न घेणाऱ्याने हंगामात पेशंटजवळ मास्क लावावा, एवढा नियम करता येईल. तो सगळ्यांनाच लावला तर उत्तम.

प्रश्न : ४०-६० टक्केच परिणाम, तोही वर्षभराचा. शिवाय रोज पेशंटमध्ये राहून आमची इम्युनिटी तयार झालेली असते. मग दरवर्षी का टोचून घ्यायचं?
— निवासी डॉक्टर

उत्तर : आकडा तुम्ही बरोबर सांगितला. लस आणि फिरणारा विषाणू जुळला तर डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, न जुळलेल्या वर्षी त्याहून कमी. सहकाऱ्यांना सांगतानाही हाच आकडा सांगा. "घेतली की फ्लू होणारच नाही" असं सांगून टोचलेला माणूस ऑगस्टमध्ये आजारी पडला की पुढच्या वर्षी परत येत नाही.

इम्युनिटीचं म्हणाल तर ग्लासगोच्या चार रुग्णालयांतला १९९३-९४ च्या हंगामातला अभ्यास बघा. ५१८ कर्मचाऱ्यांच्या रक्ततपासणीत २३ टक्क्यांना त्या हंगामात फ्लूचा संसर्ग झाल्याचं दिसलं, आणि त्यांतल्या ५९ टक्के लोकांना आपल्याला फ्लू झाल्याचं आठवतही नव्हतं. म्हणजे रोज पेशंटमध्ये राहणाऱ्यांनाही संसर्ग झाला, आणि तो अंगावर काढत अनेक जण कामावर येत राहिले. केमोच्या पेशंटजवळ, नवजात बाळांच्या आयसीयूत अशी माणसं उभी असणं हा खरा धोका. कर्मचाऱ्यांनी लस घेतल्याने पेशंटचे मृत्यू किती घटतात यावर मात्र तज्ज्ञांत मतभेद आहेत. ते अभ्यास मुख्यतः वृद्धांच्या निवासी केंद्रांतले आहेत, तेव्हा तो दावा फुगवून सांगू नका.

प्रश्न : मला पाचवा महिना आहे, आयसीयूत ड्यूटी आहे. घेऊ का?
— सिस्टर, हिंगणा

उत्तर : हो. निष्क्रिय लस कुठल्याही महिन्यात चालते, अंगावर पाजतानाही चालते. गरोदरपणात फ्लू जास्त गंभीर होतो. शिवाय सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही, त्याला तुमच्याकडून मिळालेलं संरक्षणच उपयोगी पडतं. नाकात फवारायची जिवंत लस मात्र घेऊ नका.

प्रश्न : लस अंड्यात तयार होते म्हणतात. मी शाकाहारी आहे, आणि आमच्या एका टेक्निशियनला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे.
— लॅब इन्चार्ज, इतवारी

उत्तर : बहुतेक लशींचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, नंतर शुद्ध करतात. अंड्यातल्या प्रथिनांचा अत्यल्प अंश उरू शकतो. हे लपवू नका, विचारणाऱ्याला स्पष्ट सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. अंड्याच्या अ‍ॅलर्जीवाल्यांना आता ही लस देता येते, नेहमीचीच काळजी पुरते. याच लशीने पूर्वी तीव्र अ‍ॅलर्जी आली असेल त्यांना मात्र देऊ नये. अशी तीव्र प्रतिक्रिया दहा लाख डोसमागे एखादी, पण किट प्रत्येक फेरीत सोबत हवा. ती आलीच तर प्रौढांना १:१००० अ‍ॅड्रेनॅलिन ०.५ मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, ताबडतोब. मुदत संपलेली अँप्यूल किटमध्ये पडून राहणं ही नेहमीची चूक आहे, फेरीला निघताना तारीख वाचा.

प्रश्न : लस घेऊनही आमच्या ब्रदरला (पुरुष नर्सला) ताप-खोकला आला. माणसं कमी आहेत, पॅरासिटॅमॉल घेऊन ड्यूटी करू द्यावी का?
— इन्चार्ज सिस्टर, सक्करदरा

उत्तर : नाही. फ्लूचा माणूस लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे ५ ते ७ दिवस विषाणू पसरवतो. पॅरासिटॅमॉलने ताप उतरतो, पसरणं थांबत नाही. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तेव्हाच कामावर घ्या, खोकला असेपर्यंत मास्क लावू द्या, आणि कमजोर प्रतिकारशक्तीच्या पेशंटजवळ आठवडाभर पाठवू नका. त्याला दमा, शुगर असेल किंवा धाप लागत असेल तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी फिजिशियनना दाखवा. फ्लूवरचं औषध ओसेल्टामिविर ७५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, ५ दिवस देतात, आणि लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत सुरू केलं तर त्याचा गुण सर्वांत चांगला येतो. त्याच्या जागी बदली कोण येणार हे मात्र जुलैच्या आधीच, रोस्टर लावताना ठरवून ठेवा.